गाव खेडं, शाळा तालुक्याला: नवोदयच्या हिशेबात आपलं लेकरू कुठलं?

शाळा सुरू झाल्या की लोह्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांवर नवोदयच्या फॉर्मची गर्दी दिसू लागते. फॉर्मला फी नाही, तो ऑनलाइन भरायचा असतो, आणि पाचवीत शिकणाऱ्या मुलाला आयुष्यात एकदाच या परीक्षेला बसता येतं. फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख, माध्यम यांच्यासोबत एक साधा वाटणारा प्रश्न असतो: ग्रामीण की शहरी? बहुतेक पालक इथे आपलं गाव डोळ्यांसमोर आणतात आणि ‘ग्रामीण’ सांगून मोकळे होतात. माझ्या ओळखीच्या एका पालकांनी असंच केलं. त्यांचं घर लोह्यापासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या खेड्यात आहे, दोन एकर कोरडवाहू, मोसमात सालाने काम. मुलगी तिसरीपासून लोह्याच्या उर्दू शाळेत. मी त्यांना म्हणालो, तुमची मुलगी नवोदयच्या नियमाने शहरी आहे. ते हसले, मग म्हणाले, “सर, हमारे गाव में तो ढंग का रस्ता नहीं, हम शहरवाले कब से हो गए?”

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या भागातल्या शेकडो मुस्लिम घरांचा आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

नवोदयची कल्पना मुळात खेड्यातल्या मुलांसाठी आली. १९८५-८६ साली प्रयोग म्हणून दोन शाळा उघडल्या, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ही योजना पक्की झाली. विचार असा होता की हुशारी गरीब घरातही असते, खेड्यातही असते. तिला शहरातल्या महागड्या शाळेच्या तोडीचं शिक्षण सरकारने मोफत द्यावं. आज देशात साडेसहाशेहून जास्त नवोदय विद्यालयं आहेत. आपल्या नांदेड जिल्ह्याचं विद्यालय बिलोली तालुक्यातल्या शंकरनगरला आहे, लातूर जिल्ह्याचं वेगळं आहे. सहावीला जागा ८०. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं शाळेचं. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकास निधी घेतात, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना तोही माफ आहे.

आता ८० जागा म्हणजे किती? नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांच्या वर होती. तालुक्याला सरासरी पाच मुलं. एवढ्या अरुंद दरवाज्यातून कोण जाईल हे ठरवताना नियमातला एकेक शब्द महत्त्वाचा होतो.

नियम असे आहेत. मूल त्या जिल्ह्याचं रहिवासी हवं आणि पाचवीही त्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असायला हवं. किमान ७५ टक्के जागा, म्हणजे ८० पैकी ६०, ग्रामीण मुलांच्या. उरलेल्या २० जागा ‘शहरी’ मुलांच्या आहेत असा सार्वत्रिक समज आहे, तो चुकीचा आहे. त्या खुल्या आहेत, गुणवत्तेवर ग्रामीण मूलही त्या घेऊ शकतं. एक तृतीयांश जागा मुलींच्या. अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या प्रमाणानुसार, आणि अलीकडच्या काही वर्षांपासून केंद्राच्या यादीतल्या ओबीसींना २७ टक्के.

आणि ग्रामीण कोण? जे मूल तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णवेळ ग्रामीण भागातल्या सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेत शिकलं ते. या तीन वर्षांत एक दिवसही शहरी भागातल्या शाळेच्या पटावर असलेलं मूल शहरी धरलं जातं. घर कुठे आहे, बाप काय करतो, गावात दिवा किती तास असतो, हे कुणी विचारत नाही. शाळेची इमारत कोणाच्या हद्दीत उभी आहे एवढंच पाहिलं जातं.

लोहा नगरपरिषदेचं गाव आहे. म्हणजे शहरी. कंधार, मुखेड, देगलूर, बिलोली, धर्माबाद, भोकर, हदगाव, किनवट, सगळे नगरपरिषदेचे. अर्धापूर, नायगाव, हिमायतनगर, माहूर इथे आधी ग्रामपंचायत होती, नंतर नगरपंचायत झाली. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचं राज्याचं धोरण २०१५च्या आसपास अमलात आलं. गल्ल्या त्याच, नाल्या त्याच, पाण्याची बोंबही तीच. पण अधिसूचना निघाली की तिथल्या शाळेत शिकणारं लेकरू नांदेडच्या श्रीनगर किंवा वजिराबादच्या लेकरासोबत एका रांगेत येऊन उभं राहतं, आणि त्या रांगेसाठी ८० पैकी जास्तीत जास्त २० जागा आहेत.

हा नियम सगळ्या जातीधर्मांना सारखाच लागू आहे, हे आधी स्पष्ट म्हणायला हवं. त्यात कुणाला मुद्दाम वगळलेलं नाही. तरीही तो आपल्यावर जास्त पडतो, आणि त्याची कारणं साधी आहेत. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा मोठा हिस्सा गावखेड्यांपेक्षा शहरांत आणि तालुक्याच्या गावांत राहतो. जे खेड्यात राहतात त्यांच्या गावात मराठी जिल्हा परिषद शाळा असते, उर्दू शाळा प्रत्येक गावात नसते. जिथे आहे तिथे बहुधा चौथीपर्यंत. उर्दूतून पुढे शिकवायचं तर तालुक्याला पाठवावं लागतं. काही जण पहिलीपासूनच पाठवतात, मामाकडे किंवा फुफूकडे ठेवून. म्हणजे घर खेड्यात, शाळा लोह्यात, आणि नवोदयच्या कागदावर शहरी.

मराठी शाळेतल्या मुलांनाही यातला एक फटका बसतोच, तो पाचवीचा. आपल्या राज्यात जुनी घडी अशी की प्राथमिक शाळा चौथीपर्यंत आणि पाचवीपासून हायस्कूल. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी हा प्राथमिकचा एक टप्पा धरला. त्यानंतर पाचवीचे वर्ग प्राथमिक शाळांना जोडायचं ठरलं, पण सगळीकडे ते झालेलं नाही. खेड्यातली शाळा चौथीला संपते, मूल पाचवीला लोह्याच्या हायस्कूलला येतं. तिसरी-चौथी खेड्यात काढलेलं ते मूल पाचवीच्या एका वर्षाने शहरी होतं. त्याचे शिक्षकही बऱ्याचदा हे सांगत नाहीत, कारण त्यांनाच माहीत नसतं.

आता उलट बाजू बघा. नांदेड शहराबाहेर, महापालिकेची हद्द संपते त्या पलीकडे, ग्रामपंचायतींच्या जमिनीवर मोठमोठ्या इंग्रजी शाळा उभ्या आहेत. लातूरलाही तेच. जमीन स्वस्त मिळते, मैदान मोठं होतं, म्हणून संस्था तिकडे जातात. त्यात गैर काही नाही. पिवळ्या बसा सकाळी शहरातल्या डॉक्टर, वकील, व्यापारी, प्राध्यापकांची मुलं भरून त्या शाळांत नेतात. शाळा मान्यताप्राप्त असेल आणि तिसरी ते पाचवी तिथेच झाली असेल, तर ती मुलं नवोदयच्या हिशेबाने ग्रामीण आहेत. त्यांच्यासाठी ८० च्या ८० जागा खुल्या. त्याच वेळी खेड्यातून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून लोह्याच्या उर्दू शाळेत येणारी मुलगी शहरी.

हे कायद्याला धरूनच आहे. म्हणूनच ते जास्त सलतं.

नियम करणाऱ्यांनी शाळेवर बोट का ठेवलं असावं, हेही समजण्यासारखं आहे. घराचा पत्ता खोटा दाखवणं सोपं. गावात आजोबांच्या नावावर घर असतं, रेशन कार्ड असतं, मतदार यादीत नाव असतं, आणि कुटुंब वीस वर्षांपासून पुण्यात. नुसत्या घराच्या दाखल्यावर ग्रामीण ठरवलं तर अर्धं पुणे शेतकऱ्याचं लेकरू होऊन येईल. शाळेचा पट, हजेरी, तीन वर्षांचं रेकॉर्ड हे बनवायला त्यामानाने अवघड. पण शाळा गावातून बाहेर आणि मूल गावातून शहरात, अशी उलटसुलट ये-जा वाढली तसं त्या मोजमापाचं काम बिघडलं.

रहिवासाचं हे भांडण आपल्याला नवीन नाही. मेडिकलच्या प्रवेशाचं ७०:३० आठवत असेल. त्या नियमाने राज्याचे विभाग पाडले होते; विभागातल्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या विद्यार्थ्यांना, ३० टक्के बाकी राज्याला. मराठवाड्यात मेडिकल कॉलेजं आणि जागा कमी, अभ्यास करणारी मुलं मात्र भरपूर, त्यामुळे लातूर-नांदेडच्या मुलांना जास्त गुण असूनही मागे राहावं लागायचं. पालकांनी आवाज उठवला आणि सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने तो नियम रद्द केला. तेव्हा आपण सगळे म्हणत होतो की कुंपण नको, गुणांवर घ्या. नवोदयच्या बाबतीत मात्र जिल्ह्याबाहेरचं कुणी आत आलं की आपणच कुंपण शोधतो. (हे मी टोमणा म्हणून नाही लिहीत. माझं स्वतःचं मतही दोन्ही वेळा तसंच होतं.) दोन्हींत फरक आहे. मेडिकलला अठरा वर्षांचा मुलगा बसतो, त्याच्यामागे दोन वर्षांचा क्लास असतो. नवोदयला दहा-अकरा वर्षांचं लेकरू बसतं. त्या वयात गुणांमधला फरक बऱ्याचदा घरातला फरक असतो. म्हणून इथे जिल्ह्याचं आणि खेड्याचं कुंपण असणं मला रास्त वाटतं; ते चुकीच्या जागी ठोकलं जातंय एवढीच तक्रार आहे.

दुनियेतही हा वाद चालूच आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात थॉमस जेफरसन नावाचं नामांकित सरकारी हायस्कूल आहे, विज्ञान-तंत्रज्ञानासाठी. तिथे २०२० मध्ये प्रवेश परीक्षा बंद केली आणि परिसरातल्या प्रत्येक मिडल स्कूलला तिथल्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का एवढ्या जागा राखून दिल्या. काही पालक कोर्टात गेले. वरच्या न्यायालयाने नवी पद्धत टिकवली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यूयॉर्कमध्ये स्टायव्हेसंट आणि तिच्यासारख्या शाळांसाठी १९७१च्या कायद्याने एकाच परीक्षेवर प्रवेश होतो, त्यावर तिथे आजही खडाजंगी होते. दीड टक्क्याच्या पद्धतीत प्रत्येक शाळेला काहीतरी मिळतं. पण तिथेही हिशेब शाळेपासूनच सुरू होतो.

आता जे लिहितो ते काहींना कडू लागेल. हा नियम कळल्यावर काही हुशार पालक काय करतात? मूल नांदेडच्या नाहीतर लोह्याच्या क्लासला आणि नाव एखाद्या खेड्यातल्या शाळेच्या पटावर. हजेरी लागते, मूल दिसत नाही. काही लोक तर दुसऱ्या जिल्ह्यातून येऊन इथला रहिवासी दाखला काढतात, कारण त्यांच्याकडे स्पर्धा जास्त असते. आपल्या समाजातही हे होऊ लागलंय, आणि मला एका भल्या, पाचवक्ती नमाजी माणसाने शांतपणे विचारलं होतं, “सगळेच करतात, आपल्याच लेकराचं नुकसान का करायचं?”

मी त्यांना जे म्हणालो तेच इथे लिहितो. शाळेचा दाखला म्हणजे गवाही आहे. त्यावर सही करणारा मुख्याध्यापक गवाह आहे, आणि तो मागायला जाणारा बापही. सूरह निसामध्ये इन्साफावर ठाम राहण्याचा आणि गवाही स्वतःच्या किंवा आईबापाच्या विरोधात जात असली तरी खरी देण्याचा हुकूम आहे, तो आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकला आहे. आणि नुसता गुनाह-सवाबचा हिशेब बाजूला ठेवला, तरी इथे एका माणसाचा हक्क जातो. साठ जागांतली एक जागा खोट्या पटाने घेतली की एकसष्टावं लेकरू बाहेर राहतं. ते लेकरू खरोखर खेड्यातलं असतं, कदाचित आपल्याच बिरादरीचं, कदाचित मातंग वस्तीतलं, कदाचित तांड्यावरचं. त्याला कधी कळतही नाही. त्याची माफी कुणाकडे मागणार?

व्यवहाराचं बोलायचं तर निवड झाल्यावर कागद तपासले जातात. ग्रामीण शाळेत शिकल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. खोटं निघालं तर प्रवेश रद्द होतो, आणि परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. वर्गभर पेढे वाटून झाल्यावर बॅग घेऊन परत येणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाच्या मनाचं काय होतं, ते मोठ्यांनी सही करण्याआधी विचारात घ्यावं.

नियम वाकडा आहे म्हणून खोटं बोलायची मुभा मिळत नाही, आणि आपण खोटं बोलत नाही म्हणून वाकड्या नियमाबद्दल गप्पही बसायचं नाही. मागणी काय असावी? माझ्या मते एवढीच: ग्रामीण ठरवताना शाळा आणि घर दोन्ही बघावेत. ज्या मुलाचं कुटुंब तीन वर्षं खेड्यात राहतं आणि त्या खेड्यात त्याच्या माध्यमाची शाळा किंवा पाचवीचा वर्ग नाही, त्याला तालुक्याच्या शाळेत जावं लागलं म्हणून शहरी धरू नये. आणि ज्याचं घर महापालिका हद्दीत आहे त्याला, बस कुठेही नेत असो, ग्रामीण धरू नये. वर्ग नाही हे गटशिक्षणाधिकारी कार्यालय एका ओळीत सांगू शकतं. तो दाखला खोटा काढणं सोपं नाही. नवोदय विद्यालय समितीचं मुख्य कार्यालय नोएडाला आणि आपलं विभागीय कार्यालय पुण्याला आहे. प्रत्येक विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. निवेदन त्यांच्याकडे देता येतं, आणि खासदारांमार्फत दिल्लीलाही पोहोचवता येतं. हे उर्दूवाल्यांचं म्हणून नेऊ नये. पाचवी नसलेल्या प्रत्येक गावाचं ते दुखणं आहे. सरपंच, मराठी शाळेचे गुरुजी, सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.

तोपर्यंत घरात काय करायचं, ते सांगतो.

मूल खेड्यात असेल आणि गावात पाचवीपर्यंत शाळा असेल, तर तिसरी ते पाचवी त्याला तिथून हलवू नका. गावात फक्त मराठी शाळा असेल तर? हा निर्णय अवघड आहे, आणि मी उर्दूचा शिक्षक असूनही सांगतो की मराठी शाळेत तीन वर्षं काढून घरी उर्दू आणि मकतबमध्ये कुरआन शिकणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांचं काही बिघडलं नाही. पण केवळ नवोदयसाठी चांगली चालणारी उर्दू शाळा सोडायची असेल तर दहादा विचार करा. जागा ८० च आहेत.

परीक्षा मराठीत देता येते तशी उर्दूतही. फॉर्ममध्ये माध्यम नीट लिहा. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण एकट्या बुद्धिमत्ता चाचणीचे आहेत: आकृत्या, आरशातली प्रतिमा, वेगळी आकृती ओळखा. उरलेले ५० गुण गणित आणि भाषेत निम्मे निम्मे. आकृत्यांना भाषा लागत नाही. दहावी झालेली मोठी बहीण रोज अर्धा तास बसली तरी तयारी होते, त्यासाठी लोह्यात खोली करून राहायची गरज नाही.

जिल्ह्याच्या हद्दीवरच्या घरांनी जास्त सांभाळावं. माळाकोळीकडच्या गावांना अहमदपूर जवळ पडतं, पण तो लातूर जिल्हा. घर नांदेड जिल्ह्यात आणि पाचवी अहमदपूरला, असं असेल तर मूल नांदेडलाही बसत नाही आणि लातूरलाही नाही. ऊसतोडीला किंवा हैदराबाद-पुण्याला कामासाठी जाणाऱ्या घरांचंही तेच. पाचवीचं वर्ष तरी लेकरू आजी-आजोबांजवळ गावातच राहील असं बघा.

ओबीसीत मोडणाऱ्या बिरादऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. इथे केंद्राची यादी चालते, राज्याची नाही. राज्याच्या यादीत नाव आहे म्हणून केंद्राच्या यादीतही असेलच असं नाही. सेतू केंद्रात आधी खात्री करा, मग दाखला काढा.

मुलींबद्दल पालक विचारतात, वसतिगृहात राहील कशी, जेवण कसं, नमाज-रोज्याचं काय. रास्त प्रश्न आहेत. उत्तर शेजाऱ्याकडून घेऊ नका. फॉर्म भरण्याआधी एक दिवस काढून शंकरनगरला जा, मुलीच्या आईला सोबत न्या, वसतिगृह बघा, तिथे शिकणाऱ्या मुलींशी बोला, प्राचार्यांना विचारा. एक तृतीयांश जागा मुलींच्या आहेत आणि त्यांना फी नाही. आपण अर्जच केला नाही तर त्या जागा दुसऱ्यांच्या मुली घेतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

शेवटचं काम गावाचं आहे. ज्या गावात शाळा चौथीला संपते तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हे कायद्याने आहे. पुढच्या बैठकीत पाचवीच्या वर्गाचा ठराव घ्या. चौथीत किती मुलं आहेत, त्यातली किती रोज बाहेरगावी जातील, सर्वांत जवळची पाचवी किती किलोमीटरवर आहे, हे आकडे ठरावात लिहा. शाळा उर्दू असली तरी ठराव मराठीत लिहा, म्हणजे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणार नाही. दोन प्रती न्या, आणि एकीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.